आशाबाईंच्या चेहऱ्यावरची धुरळणी

आशाबाई देवरे यांना पावडर लावता येत नव्हती, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. शाळेत नोकरीला लागल्यापासून त्या रोज सकाळी गुलाबी डब्यातली पावडर तळहातावर झटकायच्या, हात एकमेकांवर चोळायच्या आणि तोंडावरून एकदा वरून खाली फिरवून बसस्टॉपवर हजर व्हायच्या. पावडर कुठे बसली आणि कुठे नाही हे पाहायला आरसा लागतो, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. चौथीच्या वर्गातली पोरं हसली नाहीत म्हणजे ठीक, एवढीच त्यांची कसोटी होती.

तर अशा बाईच्या हातात होणाऱ्या सुनेने मिनरल मेकअपची डबी ठेवली.

सून म्हणजे साक्षी बोरस्ते. सनीने स्वतःच पसंत केलेली, सातपूरच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली आणि निघताना पर्समधून एक चपटी काळी डबी आणि एक गुबगुबीत ब्रश काढून तिने आशाबाईंना दिला. "आई, ह्यात केमिकल वगैरे काही नाही. निव्वळ खनिजं दळून केलेली पावडर आहे. साखरपुड्याला हीच लावा हं, मला बघायचंय," असं म्हणाली आणि स्कूटीला किक मारून गेलीसुद्धा.

आशाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांना मुलगी नव्हती. सनीने पहिल्या पगारात आईला मिक्सर आणला होता, पण त्यामागे पाट्यावरची चटणी जाडी राहते ही त्याची जुनी तक्रार होती. नुसतं तुझ्या तोंडाला म्हणून कुणी काही आणल्याचं त्यांना आठवेना. शिवाय पोरीने मागून मागितलं काय, तर आपला चेहरा बघायला. तेवढंही आपल्याला जमलं नाही तर तिला काय वाटेल, सासूने माझी वस्तू कपाटात टाकली, असंच ना? सासूपणाची सुरुवात अशी व्हायला नको, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता अडचण सांगतो. आशाबाईंची कातडी मुळातच कोरडी. नाशिकला थंडी पडली की त्यांच्या टाचांपासून ओठांपर्यंत सगळं उकलायला लागायचं. अंघोळ करून आल्यावर गालावर नखाने रेघ ओढली तर फळ्यावर उमटावी तशी पांढरी उमटायची. आणि २००६ सालची ती थंडी काही साधी नव्हती. पौष संपून माघ लागला तरी माणसं घरातही कानटोपी काढायला तयार नव्हती.

त्यातून बैठकीच्या दिवशी एक शब्द त्यांच्या जिव्हारी लागलेला. साक्षीची आई सरिताबाई गंगापूर रोडच्या. साडीला कडक इस्त्री, बोलणं मोजूनमापून, चेहरा गुळगुळीत. मानपानाच्या साड्यांवरून दोन्हीकडे जरा ताणाताणी चालली होती, त्यात त्या मधेच आशाबाईंना म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी नाही का हो? चेहरा ओढल्यासारखा दिसतोय." आशाबाईंची तब्येत ठणठणीत होती. त्या दिवशी त्यांनी बैठकीतले पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

तेव्हा रविवारी सकाळी, घरात कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी डबी उघडली. ब्रश फिरवला. मग आरशात पाहिलं आणि पुन्हा चष्मा लावून पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंचे पापुद्रे उभे राहिले होते आणि प्रत्येक पापुद्र्यावर पावडर बसली होती. ज्या आठ्या त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला दिसू दिल्या नव्हत्या, त्या सगळ्या खडूने गिरवल्यासारख्या वर आल्या. तेवढ्यात दूधवाल्याची बेल वाजली, म्हणून त्या तशाच दार उघडायला गेल्या. तो बिचारा पातेल्यात दूध ओतता ओतता हळू आवाजात म्हणाला, "ताई, घरात कुणी आजारी आहे का?"

झालं. आशाबाई आत येऊन पलंगावर बसल्या.

त्यांचे यजमान निवृत्तीराव हे कलेक्टर कचेरीत गौण खनिज शाखेत अव्वल कारकून. गौण खनिज म्हणजे मुरूम, वाळू, दगड, माती. ह्या चार पदार्थांपलीकडे जगात महत्त्वाचं काही असेल असं निवृत्तीरावांना वाटत नसे. 'मिनरल' हा शब्द कानावर पडताच ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले. डबी हातात घेऊन त्यांनी ती उलटीसुलटी केली, चिमूटभर पावडर अंगठ्यावर चोळून पाहिली, वाससुद्धा घेतला.

"कुठल्या खाणीतली आहे?" त्यांनी विचारलं.

"अहो, तोंडाला लावायची आहे ती."

"लाव की. पण लावायची पद्धत चुकली तुझी. कोरड्या जागेवर मुरूम टाकला तर उडून जाणारच. आधी पाणी मारायचं, मग पसरायचा, मग दबाई करायची. दबाईशिवाय रस्ता टिकलाय कधी?"

हा सल्ला आशाबाईंनी ऐकायला नको होता. पण साखरपुडा आठवड्यावर आला होता आणि नवरा तीस वर्षं त्याच खात्यात होता. त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीने तोंडावर पाणी मारलं, पावडर पसरली, आणि दबाईसाठी निवृत्तीरावांनी स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणली. वाटीचं बूड गालावर ठेवून त्यांनी जरा जोर दिला. पावडर बसली खरी, पण वाटीखालीच. गालावर एक सुबक गोल उमटला आणि बाकीच्या पावडरीचा चिखल हनुवटीकडे चालू लागला. निवृत्तीरावांनी थोडं लांब जाऊन पाहणी केली आणि म्हणाले, "रोलर लहान पडला."



दुसऱ्या दिवशी आशाबाई सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे केसपेपर काढणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं, "तक्रार काय?" मागे रांगेत शाळेतल्या दोन मुलांचे पालक उभे होते. आशाबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "चेहरा." "चेहऱ्याला काय?" "पावडर बसत नाही." त्या माणसाने पेन खाली ठेवलं. मग कळलं की कातडीचे डॉक्टर आज नसतातच, आज हाडांचे असतात. केसपेपर मात्र निघाला होता, तो फुकट घालवू नये म्हणून आशाबाई हाडांच्या डॉक्टरांपुढे बसल्या. त्यांनी जबड्याचे सांधे दाबून पाहिले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

एव्हाना सोसायटीत बातमी फिरली होती. ती कुणी फिरवली हे विचारण्यात अर्थ नाही, कारण शेजारी वत्सलाकाकू राहत होत्या. वत्सलाकाकू रिटायर नर्स. माणसाच्या अंगावर कुठेही काही झालेलं असो, आपल्याला विचारल्याशिवाय ते बरं होऊ नये, अशी त्यांची इच्छा असे. त्यांनी ग्लिसरीन सुचवलं. ग्लिसरीनवर पावडर बसली, पण तिच्याबरोबर गॅलरीतली धूळ आणि शेजारच्या उशीतला कापूसही बसला. मग त्यांनी सायीचा प्रयोग केला. तेव्हा खालच्या मजल्यावरचं मांजर आशाबाईंच्या मागे जिन्याने वर आलं आणि दारात बसून राहिलं.

आणि मग आले गोटीराम अप्पा. अप्पांची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती आणि नातवंडांच्या शाळेसाठी ते ह्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत होते. खरं तर राहायचे नाहीत, थंडीत बागेची काळजी करत नुसते येरझाऱ्या घालायचे. जिन्यात आशाबाईंना गाठून त्यांनी अत्यंत गंभीरपणे सगळी हकिगत ऐकून घेतली.

"वहिनी, तुमचं टायमिंग चुकतंय," अप्पा म्हणाले. "आम्ही द्राक्षावर भुरीचा रोग पडू नये म्हणून गंधकाची धुरळणी करतो का नाय? ती भर उन्हात केली तर पावडर पानावर ठरतच नाय. ती पहाटं करायची. पानावर दव असतंय ना, त्याला पावडर लय बेस धरती. सगळीकडं सारखी. मी तुमाला स्टिकरबी दिलं असतं, औषध पानाला चिकटवायचं असतंय ते. पण ते माणसाला नाय चालायचं."

"दव तोंडावर कसं यायचं पण?"

"गच्चीत उभं राहायचं. पानांवर येतंय, मंग तुमच्यावर का नाय येणार?"

आता शहाण्या माणसाने इथे हसून विषय सोडून दिला असता. पण अडलेल्या माणसाला शहाणपण परवडत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आशाबाई शाल गुंडाळून गच्चीत जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी अप्पा मफलर बांधून तज्ज्ञ म्हणून हजर होते. गोदावरीकडून असं काही वारं येत होतं की आशाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अप्पांनी जवळ येऊन निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "आलं दव." आशाबाईंनी घाईघाईने ब्रश फिरवला. पावडर डोळ्यांखाली तेवढी धरली. बाकीचा चेहरा त्या वाऱ्याने आणखीन उकलला आणि ओठ मधोमध फुटला. शिवाय समोरच्या इमारतीतल्या लोकांनी, देवरेबाई पहाटे गच्चीवर एका मफलरवाल्या माणसापुढे रडत उभ्या होत्या, हे पाहिलं ते पाहिलंच.

 जिन्यात अप्पा भेटले तेव्हा निवृत्तीरावांनी, "आमच्या खात्यात असं पाणी न मारता काम काढलं तर बिल पास होत नाही," एवढं ऐकवलं. अप्पांनीही, "तुमचे रस्ते बघितलेत," असं उत्तर दिलं. त्या दोघांत पुढे बरेच दिवस गारवा होता.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आशाबाई खरोखरच रडकुंडीला आल्या. डबी अर्धी झाली होती आणि चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसत होता. त्यांनी ठरवलं, आपण पोरीला खरं सांगू. फोन उचलला, नंबरही फिरवला. तिकडून साक्षीच बोलली, आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "आई, उद्या लावणार ना?" आशाबाईंच्या तोंडून "हो हो, लावणार तर" असं निघून गेलं. आवाजावरून पोरगी जरा घाबरलेली वाटली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कुठली मुलगी नसते, म्हणून आशाबाईंनी ते मनावर घेतलं नाही.

मग वत्सलाकाकूंनी शेवटचं अस्त्र काढलं, धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, थोडं पाणी घालायचं, तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, की एक धुणं झालं. अशी शंभर धुणी झाली की तुपाचं लोणकढं रूप जातं, पांढरंशुभ्र मलम होतं आणि कितीही कोरडी कातडी मऊ पडते. हे अगदी खरं आहे, पण त्याला शंभर धुणी लागतात. दोघी जेवणं आटपून बसल्या. मधेच काकूंची मालिका लागली. जाहिराती संपेपर्यंत आकडा कुठवर आला होता हेच दोघींना आठवेना. काकू म्हणाल्या सत्तर, आशाबाईंचं म्हणणं तिसाच्या पुढे गेलेलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "आपण काय परीक्षेला बसलोय का?" आणि तूप वाटीत काढलं. दिसायला तरी पांढरं दिसत होतं.

साखरपुडा पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात होता. सकाळी आशाबाईंनी चेहऱ्याला तूप लावलं, त्यावर पावडर फिरवली आणि मग त्या आरशासमोरून बराच वेळ हलल्या नाहीत. पावडर बसली होती. सगळीकडे, सारखी, एकसंध. निवृत्तीरावांनी चपला घालता घालता वळून पाहिलं आणि "अगं, काम पक्कं झालं की," असं म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या रूपाची केलेली ही पहिली स्तुती होती. आशाबाई रिक्षात ताठ बसल्या.

कार्यालयात सगळं बरं चाललं होतं. गार हॉल, दारं उघडी, तूप जागच्या जागी. सरिताबाई समोर आल्या, तेव्हा त्यांनी हळदीकुंकू लावलं, पण हसल्या नाहीत. ओठसुद्धा फारसे न हलवता "या" म्हणाल्या. आशाबाईंच्या मोठ्या मामेसासू, देवळ्याच्या भागीबाई, लगेच कानाशी लागल्या, "तुही विहीण लय ताठ दिसती गं." साक्षी मात्र पाटावर मान खाली घालून बसलेली. इतकी खाली की तिच्या भांगाशिवाय कुणाला काही दिसेना. त्यावर भागीबाई बेहद्द खूश झाल्या.

मग ओटी भरायची वेळ आली आणि व्हिडिओवाल्याने आपला दिवा पेटवला.

हा दिवा ज्यांनी त्या काळात तोंडावर घेतला असेल त्यांना जास्त सांगायला नको. आशाबाई साडी, नारळ आणि साखरेचा पुडा घेऊन साक्षीसमोर वाकल्या आणि व्हिडिओवाला "काकू, इकडे बघा, अजून बघा," करत दिवा हातभर अंतरावर घेऊन आला. प्रथम कपाळावर ऊब वाटली. मग भुवईत काहीतरी ओलं सरकलं. अर्धवट धुतलेल्या तुपाने जागा सोडली होती. ते निघालं ते एकटं नाही, पावडरीला बरोबर घेऊन. आशाबाईंनी साक्षीच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तेवढ्यात त्यांच्या हनुवटीवरून एक मातकट थेंब नारळावर पडला. साक्षीने मान वर केली नाही म्हणून बरं. आशाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओटी कशीबशी भरली आणि मागच्या खोलीकडे जवळजवळ धावल्या.

 सगळ्या पाहुण्यांत फजिती झाली ह्याचं त्यांना तेवढं नव्हतं. पण पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि ती आपल्या हनुवटीवरून टपकत होती, ह्याने त्यांना खरंच रडू यायला लागलं.

खोलीत बेसिनपाशी कुणीतरी आधीच वाकून खसाखसा तोंड धूत होतं. ती बाई वर झाली. त्या सरिताबाई होत्या. अर्धा चेहरा धुतलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर तशीच पावडर, पण वाळून भेगा पडलेली.

त्यांची नजर आशाबाईंच्या हनुवटीवरच्या ओघळावर गेली.

"तुम्हालाही दिली?" सरिताबाईंनी विचारलं.

"संक्रांतीला."

"मी खाली कोरफडीचा गर लावला हो. तो वाळला आणि आवळून आला. हसलं की तडा जातो. म्हणून सकाळपासून हसलेच नाही. तुमच्याकडचे म्हणत असतील, काय आखडू विहीण आहे."

"म्हणताहेत," आशाबाई म्हणाल्या.

सरिताबाई हसल्या, आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याचा तुकडा बेसिनमध्ये पडला. "बैठकीच्या दिवशी माझ्या तोंडाला रात्रीपासून क्रीम चोपडलेलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या गालाकडे बघितलं आणि वाटलं, हिला तरी माझं दुःख कळेल. म्हणून तब्येतीचं विचारलं. नंतर वाटलं, भलतंच बोलून बसले."

आशाबाईंनी नळ सोडला. पाणी बर्फासारखं गार होतं. व्याहीभेटीच्या टॉवेल-टोपीच्या ताटातला एक कोरा टॉवेल उचलून दोघींनी तोंडं पुसली. सरिताबाईंच्या पर्समध्ये खोबरेल तेलाची बाटली निघाली, ते दोघींनी चोळलं. मग प्रश्न उरला तो साक्षीला काय सांगायचं हा. सरिताबाईंचं म्हणणं, लावली होती पण उतरली असं सांगू. आशाबाई म्हणाल्या, पोरीने इतक्या प्रेमाने आणली, तिचं मन नाही मोडवत. दोघींचं कुजबुजत हे चाललेलं असतानाच दार ढकलून साक्षी आत आली. मान तशीच खाली. तिने दाराला कडी घातली.

"आई," ती म्हणाली. कुठल्या आईला म्हणाली ते कळेना म्हणून दोघीही "काय गं" म्हणाल्या. "रागावू नका. मी पावडर लावलेली नाही."

आणि तिने मान वर केली. नाकाचा शेंडा लाल, दोन्ही बाजूंना पापुद्रे, ओठ फुटलेला.

"मी तीन डब्या आणल्या होत्या. तिघींना सारख्या. माझ्या तोंडावर बसतच नाही ती. आठवडाभर बघतेय. आज पहाटेसुद्धा लावली आणि धुतली. तुम्ही दोघी माझ्या शब्दाखातर लावून येणार आणि मीच लावली नाही, हे दिसलं तर तुम्हाला काय वाटेल? म्हणून सकाळपासून मान वरच केली नाही. मानेत लचक भरली..." एवढं बोलून होईस्तोवर तिने दोघींचे तेलाने चकाकणारे धुतलेले चेहरे पाहिले आणि ती बोलायची थांबली.

"तू प्रयोगशाळेत आहेस ना गं?" आशाबाईंनी विचारलं.

"तिथल्या पावडरीच्या गोळ्या करतात, आई. त्या तोंडाला चिकटवत नाहीत."

सगळ्यात आधी सरिताबाई हसल्या, मग कुणालाच थांबता येईना. तिघी हसत होत्या आणि एकमेकींना गप्प बसवत होत्या. बाहेरून भागीबाई दार वाजवायला लागल्या, "आशा, काय करून ऱ्हायलीस आत? सुनेला घेऊन ये, समदे खोळंबलेत."

आशाबाईंनी बाटलीतलं थोडं तेल बोटावर घेऊन साक्षीच्या नाकाला लावलं, कडी काढली आणि तिचा हात धरून बाहेर आल्या. व्हिडिओवाला दिवा घेऊन टपलेलाच होता. साक्षी सवयीने पुन्हा मान खाली घालायला लागली, तेव्हा आशाबाईंनी तिच्या हनुवटीखाली बोट धरलं आणि म्हणाल्या, "वर बघ. बघू दे सगळ्यांना."

भागीबाईंनी चष्मा सावरत साक्षीचा चेहरा जवळून पाहिला. मग आशाबाईंचा पाहिला. मग पुन्हा साक्षीचा.

"अगं आशा," त्या म्हणाल्या, "हिचं तर तोंड उकललंय. अगदी तुह्यावानी."

"उकलणारच, मामी," आशाबाई म्हणाल्या. "माझी लेक आहे ती."